पेंढ्याबरोबर जाणारं पोतं

भात पोटरीत यायला, म्हणजे लोंबी पोटात धरायला लागलं की आमच्या खाचरात खालची जुनी पानं करपायची. सुरुवात शेंड्यापासून व्हायची. आधी कड पिवळट पडायची, मग तपकिरी, मग हात लावला तर चुरा होईल इतकी वाळकी. पानाची मधली शीर मात्र हिरवीच राहायची. जोडीला बारीक तपकिरी ठिपके. तीन हंगाम मी याला रोग समजत होते आणि फवारण्या करत होते. फवारणी झाली की चार दिवस मनाला बरं वाटायचं, पानं मात्र करपतच राहायची.

खळ्याला लागून दहा-बारा पावलांचा एक तुकडा होता, तिथे हे कधीच दिसलं नाही. तिथली चुडं, म्हणजे भाताचे झुबके, ताठ, पानं शेवटपर्यंत शाबूत. जोराचा वारा-पाऊस येऊन बाकीचं भात लोळलं तरी तेवढा तुकडा उभा राहायचा. दादा म्हणायचा, "तिथली माती मुळातच चांगली आहे." मलाही ते पटलं होतं. मळणी झाल्यावर उरलेला पेंढा आम्ही दरवर्षी त्याच जागी ढीग लावून पेटवतो, ही गोष्ट दोघांच्याही डोळ्यांसमोर होती. पण तिचा आणि त्या ताठ चुडांचा संबंध जोडावा असं दोघांनाही सुचलं नाही.

शेवटी मातीचे नमुने काढले, एकाऐवजी दोन. पहिल्यासाठी शेतात नागमोडी चालत पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती तासून घमेल्यात एकत्र केली. बांधाजवळची आणि राखेची जागा त्यातून वगळली. दुसरा नमुना फक्त राखेच्या तुकड्यातला. अहवाल आले तेव्हा नत्र (नायट्रोजन) दोन्हीकडे बेताचंच होतं. पालाशच्या, म्हणजे पोटॅशियमच्या रकान्यात शेतासमोर 'कमी' आणि राखेच्या तुकड्यासमोर 'भरपूर' असं होतं. तेव्हा लक्षात आलं की ती माती मुळात चांगली नव्हती. सगळ्या शेताचा पालाश आम्ही वर्षानुवर्षं त्या दहा पावलांत नेऊन ओतत होतो.

मग हिशोब मांडला. तो इथे सविस्तर सांगते, कारण माझी शेती त्या हिशोबाने बदलली. भाताचा दाणा जितका निघतो, साधारण तितकाच पेंढाही निघतो, काही वाणांत दीडपट. एकरी वीस क्विंटल भात धरलं तर निदान दोन टन पेंढा. वाळलेल्या पेंढ्यात नत्र ०.५ ते ०.८ टक्के असतं, स्फुरद (फॉस्फरस) मूलद्रव्य म्हणून मोजला तर जेमतेम ०.१ टक्का, आणि पालाश १.२ ते १.७ टक्के. दोन टनांना मधला आकडा लावला तर पालाश मूलद्रव्याच्या रूपात जवळपास २९ किलो होतं. खताच्या पोत्यावर पालाश ऑक्साइडच्या मापात छापलेला असतो, त्यासाठी १.२ ने गुणायचं, म्हणजे ३५ किलोच्या आसपास. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खतात ते ६० टक्के असतं. म्हणजे एका एकराच्या पेंढ्याबरोबर ५० किलोच्या पोत्यापेक्षा जास्तच पोटॅश शेताबाहेर जात होतं. दर हंगामाला.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वाटणीचं. भाताने जमिनीतून उचललेल्या स्फुरदाचा बराचसा भाग दाण्यात जातो, नत्राचाही निम्म्याहून अधिक. पालाशचं उलट आहे. पीक तयार होतं तेव्हा त्यातला ८० ते ८५ टक्के पालाश पेंढ्यातच असतो. म्हणजे भात विकल्याने जमीन पालाशला फारशी मुकत नाही, पेंढा गेला की मुकते. सिलिकाचंही तसंच. पेंढ्यात सिलिकॉन ४ ते ७ टक्के असतं. भाताच्या पानाची कड हाताला कापते ती त्याच्यामुळे, आणि खोडाला ताठपणा येतो, करप्याला थोडाफार अटकाव होतो तोही त्याच्यामुळे. नत्र, स्फुरद, पालाश असं आपण तोंडपाठ म्हणतो, सिलिकाचं नाव त्यात कुठेच येत नाही.

जाळण्याबद्दलही लिहायला हवं, कारण आम्हीही जाळत होतो. पेंढा पेटला की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरातून निघून जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो. पालाश आणि स्फुरद बरेचसे राखेत उरतात, म्हणून "राख म्हणजे खतच की" हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ती राख पडते एका जागी, आणि वारा-पाऊस आला की तिथेही पुरती टिकत नाही. शिवाय जमिनीला ज्यापासून सेंद्रिय कर्ब (कार्बन) मिळाला असता ते सगळं हवेत जातं. जाळल्याने काही किडी आणि तणाचं बी मरतं, हे मी नाकारत नाही. आम्हीही तेच कारण सांगत होतो. खरं कारण पुढच्या पिकाची घाई हे होतं.

हिशोब कळल्यावर मी निश्चय केला की आता काडीही बाहेर जाऊ द्यायची नाही. आणि त्या उत्साहात पहिल्याच वर्षी चूक केली.

कापणी झाल्यावर पेंढा खाचरातच पसरून ठेवला. वाळला, करकरीत झाला, आणि तसाच पडून राहिला. लावणी जवळ आल्यावर पाणी सोडलं आणि चिखलणी करताना सगळा पेंढा त्यात गाडून टाकला. पाच दिवसांनी रोपं लावली. जमीन काळीशार दिसत होती, पायाखाली मऊ लागत होती, मी अगदी खूश होते. आठव्या दिवशी बांधावरून पाहिलं तर सगळं खाचर फिकट. रोपं मेली नव्हती, पण वाढतही नव्हती. लावताना होती तेवढीच उंची, आणि नवीन पान लिंबाच्या सालीसारखं पिवळं. पाण्यात पाय ठेवला की चिखलातून बुडबुडे वर यायचे आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटायचा. एक चूड मुळासकट उपटून धुतलं. निरोगी भाताची मुळं पांढरी असतात किंवा त्यांच्यावर गंजासारखा तांबूस थर असतो. ही काळी होती, बोटांत धरली की साल निसटत होती. मुळांभोवती पेंढ्याच्या काड्या गुंतल्या होत्या, अजून जशाच्या तशा पिवळ्या.

त्या दिवशी दादा काही बोलला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "पाणी काढू का?" आम्ही बांध फोडून पाणी सोडून दिलं. तीन-चार दिवसांत जमिनीला केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या, वास गेला. मग थोडा युरिया देऊन पुन्हा उथळ पाणी घेतलं. आठवड्याभरात रोपांनी पांढरी मुळं सोडली. पीक हाती आलं, पण फुटवे, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या नव्या काड्या, कमी राहिले ते राहिलेच.

असं का झालं हे समजून घेण्यात माझे पुढचे दोन महिने गेले. पेंढ्यात कर्ब साधारण ४० टक्के आणि नत्र अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर, म्हणजे एका भाग नत्रामागे साठ-सत्तर भाग कर्ब. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर घडवायला लागतं ते प्रमाण याहून फार वेगळं, आठ-दहाला एक. निम्म्याहून जास्त कर्ब ते श्वासातून सोडून देतात असं धरलं तरी पंचविसाला एकच्या आसपास हिशोब जुळतो. त्यामुळे पेंढ्यात जे नत्र कमी पडतं ते जिवाणू मातीतून उचलतात. रोपाच्या मुळाला हवं असतं तेही तेच नत्र, आणि मुळापेक्षा जिवाणू कितीतरी चपळ. ते नत्र कायमचं जात नाही. जिवाणू मेले की पुन्हा मोकळं होतं. पण ओढाताणीचे पहिले तीन-चार आठवडे नेमके रोप मूळ धरण्याच्या वेळेला आले तर रोप उपाशी राहतं. माझ्या खाचरात हेच घडलं.

वास आणि काळी मुळं हे त्याहून वेगळं प्रकरण. पाणी भरलेल्या चिखलात हवा नसते. तिथे ताजा पेंढा कुजायला लागला की सेंद्रिय आम्लं तयार होतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि मिथेन. अंड्याचा वास सल्फाइडचा. बुडबुड्यांतला मिथेन वासाने कळत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. धूर होऊ नये म्हणून मी पेंढा गाडला आणि चिखलातून मिथेन वर आणला, हे समजलं तेव्हा फार वाईट वाटलं. पेंढा जमिनीत घालणं चूक नव्हतं. तो कोरड्यात कुजायला हवा होता आणि मी त्याला पाण्यात कुजवलं.

दुसऱ्या वर्षी कापणीपासूनच सुरुवात केली. कापणारा विळा नेहमी बुडाशी चालवतो. मी बुडाशी वीतभर धसकट, म्हणजे खुंट, ठेवून कापायला सांगितलं. तेवढा पेंढा आपोआप शेतभर सारखा राहतो, पसरायचे कष्ट नाहीत. कंबाइन हार्वेस्टरने कापणाऱ्यांची अडचण वेगळी असते. यंत्र मागे पेंढ्याच्या जाड ओळी टाकत जातं. त्या ओळी तशाच नांगरल्या तर पुढच्या पिकात पट्टे उमटतात, ओळीखालचं पीक पिवळं आणि मधलं हिरवं. म्हणून यंत्राला पेंढा तोडून पसरवणारं जोडकाम असेल तर ते लावून घ्यावं, नसेल तर दाताळ्याने ओळी मोडाव्यात. आम्ही हाताने मळणी केल्यावर जो पेंढा खळ्यावर आला, त्यातला निम्मा परत शेतात नेऊन विस्कटला. सगळा नेला नाही. उरलेल्याचं काय केलं ते पुढे सांगते.

खरा जीव वेळेत आहे. कापणीनंतर जमिनीत ओल असते, आणि ती ओल हेच भांडवल. पहिल्या वर्षी मी ती वाया घालवली होती. या वेळी दहाव्या दिवशी वाफसा, म्हणजे नांगरटीजोगी ओल आहे का, ते पाहिलं. मूठभर माती दाबली, गोळा झाला, बोटाने टोचल्यावर फुटला. लगेच उथळ नांगरट केली. उथळ म्हणजे पाच ते दहा सेंटीमीटर, त्याखाली नाही. कापणीपासून दोन-तीन आठवड्यांच्या आत हे व्हावं आणि त्यापुढे लावणीला निदान तीस दिवस हातात असावेत. आमच्याकडे त्याहून बरेच होते. पेंढा पुरता झाकला गेला नाही, काड्या वर दिसत होत्या. दादाला ते आवडलं नाही, तो म्हणाला, "शेत नीट केल्यासारखं दिसत नाही." मी म्हटलं, "दादा, तू एक महिना थांब, मग आपण उकरून बघू."

महिन्याने दोघांनी मिळून उकरलं. मातीत घुसलेल्या काड्या करड्या पडल्या होत्या, चिमटीत धरल्या की ओल्या कागदासारख्या तुटत होत्या. त्यांच्या पोकळीत पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली. वास पहिल्या पावसाच्या मातीचा. वरच्या काड्या तेवढ्याच पिवळ्या आणि चिवट होत्या, कारण त्यांना मातीचा स्पर्श नव्हता. दादाने एक काडी उचलली, मोडली, आणि दुसरी मोडून बघितली. त्यानंतर त्याने पुन्हा शेत कसं दिसतं याचा विषय काढला नाही.

तरीही त्या वर्षी मी पायाभूत, म्हणजे सुरुवातीचं नत्र थोडं लवकर दिलं. एकूण मात्रा तीच ठेवली, फक्त पहिल्या हप्त्यातला वाटा वाढवला आणि शेवटच्यातला कमी केला. आणि पर्ण रंगतक्ता, म्हणजे पानाच्या हिरवेपणावरून नत्राची गरज ओळखायची पट्टी, घेऊन दर आठवड्याला खाचरात उतरले. वरचं पूर्ण उमललेलं पान पट्टीवर ठेवायचं, स्वतःच्या सावलीत धरायचं, उन्हात नाही, आणि दहा ठिकाणी पाहायचं. पेंढा घातलेल्या शेतात हा तक्ता फार उपयोगी पडतो, कारण जिवाणूंनी धरून ठेवलेलं नत्र मोकळं कधी होईल हे कॅलेंडरवरून ठरवता येत नाही. आमच्याकडे फुटव्यांच्या वेळी पानं थोडी फिकट आली, आणि लोंबी धरायच्या सुमाराला रंग आपसूक गडद झाला. शेवटचा हप्ता मी निम्माच दिला. मधे एकदा पाणी आटू देऊन जमीन चिरू दिली. मुळांना हवा मिळाली आणि मिथेनही कमी झाला असणार.

आता उरलेला पेंढा. त्यातला काही गोठ्यात गेला. जनावरांना पेंढा लागतो, तो नाकारून शेती होत नाही, आणि "सगळा शेतातच ठेवा" हा सल्ला जनावरं नसलेलाच देऊ शकतो. मला वाटायचं, शेण परत शेतात जातंच आहे, मग चिंता कसली. पण जनावराने खाल्लेल्या पालाशचा मोठा भाग शेणात नसतोच, तो मुतातून जातो. आमच्या गोठ्याचं मूत नाल्यातून वाहून जात होतं. पेंढ्यातून आलेला पालाश गोठ्याच्या दारातूनच निघून जात होता आणि आम्ही शेण मोजत बसलो होतो. तेव्हापासून जनावरांखाली पेंढ्याचाच जाड थर अंथरतो. तो मूत पितो, दोन दिवसांनी तो काढून ढिगावर टाकतो. मुतात युरियाही असतोच, त्यामुळे पेंढ्याला कमी पडणारं नत्रही त्याला तिथेच मिळतं. या एका बदलाला काहीच लागलं नाही, फक्त रोजचा झाडू वेगळ्या दिशेने मारायला लागला.

ढीग लावताना पेंढा आधी रात्रभर भिजवतो. कोरडा पेंढा वरून पाणी मारून भिजत नाही, मेणासारख्या थरावरून पाणी ओघळून जातं. भिजलेल्या पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, थोडी जुनी कुजलेली माती, पुन्हा थर, असा छातीएवढा ढीग. ओल किती असावी तर मूठ पिळल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, धार लागू नये. चौथ्या दिवशी आत हात घातला तर क्षणभरही ठेवता आला नाही. साठ अंशांच्या आसपास तापमान जातं तेव्हा असं होतं, आणि त्या उष्णतेनेच तणाचं बी आणि रोगाचे बीजाणू मरतात. ज्या कोपऱ्यात भाताला खोडकूज दिसली होती तिथला पेंढा मी शेतात न गाडता मुद्दाम या ढिगात घातला. महिन्याने उलथापालथ, आणि तीन-साडेतीन महिन्यांत ढीग निम्म्याहून खाली बसला.

एक गोष्ट पावसाने शिकवली. एकदा उघड्यावर ठेवलेल्या पेंढ्याच्या गंजीवर अवेळी जोराचा पाऊस झाला, आणि खालून चहाच्या रंगाचं पाणी वाहताना दिसलं. पालाश पेंढ्याच्या धाग्यांत बांधलेला नसतो, पेशींच्या रसात क्षाराच्या रूपात असतो. म्हणून पेंढा कुजायचीही वाट न पाहता पाण्याबरोबर तो सुटतो. शेतात पसरलेल्या पेंढ्यावर पाऊस पडला तर फायदाच, पालाश सरळ मातीत उतरतो. गंजीवर पडला तर ते तांबूस पाणी अंगणात जिरतं. गंजीच्या पायथ्याशी तण एवढं माजतं ते कशावर, हे मला त्या दिवशी कळलं. आता गंज झाकलेली असते आणि कंपोस्टचा ढीगही.

ज्यांच्या दोन पिकांत पंधरा दिवसांचंच अंतर असतं त्यांनी माझ्यासारखं सगळं गाडायला जाऊ नये. त्यांनी धसकट तेवढं ठेवावं, मोकळा पेंढा बाहेर काढून कुजवावा आणि खत करून परत आणावा. परत आणणं मात्र राहता कामा नये.

तीन हंगामांनंतर पुन्हा दोन नमुने काढले, त्याच पद्धतीने, त्याच खोलीवरून. पालाश 'कमी'तून 'मध्यम'मध्ये आला. त्यात थोडं विकतचं पोटॅशही आहे, मी ते एकदम बंद केलं नाही, मात्रा उतरवत नेली. सेंद्रिय कर्बाचा आकडा जवळजवळ हललाच नाही. याचं मला आधी दुःख झालं. पण पेंढ्यातला बहुतेक कर्ब जिवाणू श्वासावाटे सोडून देतात, मातीत टिकून राहतो तो थोडका अंश, आणि तो साठायला वर्षं लागतात. माती मात्र हाताला वेगळी लागते. चिखलणीला ट्रॅक्टरवर बसणारा मुलगा या वर्षी आपणहून म्हणाला की एक फेरी कमी लागली.

परवा लोंब्या पिकल्यावर बांधावर उभी राहून राखेचा तुकडा शोधला. अजून ओळखू येतो. पूर्वी तो लांबून नजरेत भरायचा, आता जवळ जाऊन खालची पानं वाकून पाहावी लागली. बाकीच्या खाचरातही कड करपलेली पानं आहेत, पण चुडामागे एखादं, आणि शीर-कड दोन्ही हिरव्या असलेली त्याहून कितीतरी जास्त. उद्यापासून कापणी. दादाने विळ्यांना धार लावून ठेवली आहे, आणि कापणाऱ्यांना दाखवायला एक वीतभर लांबीची काठीही तोडून ठेवली आहे.